कुणालाच न बोललेला नवस

चांगुणाबाईच्या घरचा चहा एकदा प्यालेला माणूस दुसऱ्यांदा हमखास म्हणायचा, "नको, आत्ताच घेऊन आलो." बिनसाखरेचा, काळपट, नुसता कडू चहा. पाथरीच्या त्या बौद्ध वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, नवखा पाहुणा तेवढा फसायचा. पहिला घोट घेऊन तो आधी कपाकडं बघायचा, मग चांगुणाबाईकडं. ती खुशाल म्हणायची, "प्या की. आमच्यात असाच असतो." घरात साखरेचा डबा नव्हता, गुळाची ढेप नव्हती. गूळ होता तो एकाच ठिकाणी, चांगुणाबाईच्या पदराच्या गाठीत, आवळ्याएवढा. आणि ज्या माणसासाठी तो बांधलेला होता, त्यालाच गूळ वर्ज्य होता. आता बोला!

तो माणूस म्हणजे तिची एकुलती एक लेक, सत्यशीला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. पोरं तिला वाव्हळेबाई म्हणायची आणि चळाचळा कापायची, कारण बाईंचं अक्षर जितकं वळणदार तितकी जीभ तिखट. लग्न झालेलं नव्हतं. एकदा जमत आलं होतं, पण रोज सुई टोचून घेणारी बायको म्हटल्यावर नवऱ्याकडच्यांनी आल्या पावलीच रस्ता धरला. पुन्हा तो विषय तिनं कुणाला काढू दिला नाही.

सुई लागली ती नवव्या वर्षी. छप्पन साली तिचा बाप सूर्यभान नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरातले देव टोपल्यात भरून त्यानं गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडले. आणि वर्ष पालटायच्या आत ही पोर वाळायला लागली. घागर तोंडाला लावायची, तरी घसा कोरडाच. हाडाला कातडी चिकटली. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. यांनी देव सोडले, देवानं पोर धरली, म्हणाले.

सूर्यभाननं पोरीला खांद्यावर टाकलं आणि परभणी गाठली. तिथं दिनकरराव म्हणून डॉक्टर होते. हैदराबादेत शिकून नुकतेच आलेले, मिसरूड फुटलेलं तरुण पोरगंच म्हणा. त्यांनी पोरीची लघवी निळ्या औषधात टाकून दिव्यावर उकळली. औषध विटेसारखं लाल झालं. ते म्हणाले, "साखरेचा मर्ज आहे. पोटातली एक ग्रंथी काम करायची थांबलीय. आता रोज सुई घ्यायची. जन्मभर."

"जन्मभर म्हंजी किती?" चांगुणाबाईनं विचारलं.

डॉक्टर नवे होते. असलं तोंड समोर बघून गप्प राहायची सवय त्यांना अजून लागलेली नव्हती. ते गडबडीनं म्हणाले, "तसं नाही हो बाई, शोध चालू आहेत. पाच वर्षांत काहीतरी इलाज निघेल."

ते "पाच वर्षांत" चांगुणाबाईनं पक्कं धरलं. गावी आल्यावर ती ज्यांच्या रानात कामाला जायची त्या बायनाबाई म्हणाल्या, "चांगुणे, ऐक माझं, पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोल." ही म्हणाली, "देव गंगेत सोडून आलाव, बाई. आता कोन्या तोंडानं मागू?" पण आईचं काळीज, हात बांधून बसवत नाही. त्याच दिवशी खुरपं हातात असताना ती बांधावरच बोलून गेली, "हिची सुई सुटंल तवाच माझ्या तोंडात गोड जाईल." ना देवाला बोलली, ना कुणा माणसाला. भुईमुगाच्या वाफ्याकडं बघून बोलली आणि पुन्हा खुरपायला लागली.

पाच वर्षं गेली, इलाज निघाला नाही. दहा गेली. सूर्यभान गेला. बायनाबाईंना वाईट वाटायचं. एकदा त्यांनी चांगुणाबाईला बसवून समजावलं, "अगं, नवस जड झाला तर देवापुढं नाक घासून सोडवून घेता येतो. गुरव सांगतो काहीतरी तोडगा. तू कोन्या देवाला बोललीस?"

"कोनालाच न्हाई."

"मग सोडवनार कोन तुला?" बायनाबाईंनी कपाळाला हात लावला. "हे तर लय अवघड करून ठिवलंस, माय."

आणि अवघडच होतं ते. देवाशी केलेला सौदा असता तर देवाची समजूत काढता आली असती. हिनं गाठ मारली ती हवेत, आता सोडायला धरायचं काय? लग्नकार्यात ही बाई भाकरी आणि वरण खाऊन उठायची. जयंतीच्या बुंदीचा घास कुणी तोंडाजवळ नेला तर मान फिरवायची. आणि सत्यशीला हे सगळं बघत मोठी झाली. तिला गोड मिळत नव्हतं ते रोगापायी, त्याचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. पण चांगली धडधाकट आई आपल्यापायी कडू चहा पितेय, हे तिला रोज सकाळी सुईपेक्षा जास्त टोचायचं. कैकदा भांडली ती. "माय, तुझ्या गोड सोडण्यानं माझी साखर एक थेंब कमी होत नाही." चांगुणाबाई म्हणायची, "नसंल होत. तू तुझी सुई घी."

इन्शुलिनची बाटली मडक्यात, मडकं ओल्या वाळूत. काचेची सुई रोज उकळायची. निळं औषध रोज तापवायचं. निळं राहिलं तर चांगुणाबाईचा दिवस चांगला, हिरवं-पिवळं झालं तर भाकर घशाखाली उतरत नसे. साखर एकाएकी उतरली की पोरीला दरदरून थंड घाम सुटायचा, बोलणं बोबडं व्हायचं. ते चांगुणाबाईला पाठमोरीला कळायचं. पदराची गाठ सोडून गूळ तोंडात. गाठ रिकामी झाली की दुसरा खडा.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्यांच्या गावातली वस्ती भर दिवसा जाळली. ज्वारीची कणगी गेली, सूर्यभानचा एकुलता एक फोटो गेला. चांगुणाबाई जळत्या खोपटात शिरली ती मडक्यासाठी. ओल्या पदरात बाटली गुंडाळून मायलेकी पाथरीला चालत आल्या आणि तिथंच राहिल्या. एसटी बंद, दुकानं बंद. अकरा दिवस बाटली पुरवायची म्हणून सत्यशीला अर्धीच सुई घेत होती. त्यानंतर कधीतरी तिला फळ्यावरचं अक्षर पहिल्यांदा धूसर दिसलं.

परभणीला दाखवायला गेलं की चांगुणाबाईचा एकच सवाल असे, "डाक्टरसाहेब, निघाला का इलाज?" आणि दिनकरराव कधी सांगत, परदेशात एकाच्या पोटातल्या पेशी दुसऱ्याच्या पोटात सोडून बघायलेत. कधी सांगत, उंदरावर जमलंय. शेवटी म्हणत, "पाच वर्षांत नक्की." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही तसं वाटत असे. सत्यशीला मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायची. तिनं आशा कधीच सोडून दिली होती. घरात एकीला आहे तेवढी बास, असं ती शाळेतल्या सुमनबाईंना म्हणायची. सुमनबाई तिची जिवाभावाची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात चांगुणाबाई अंथरुणाला खिळली. पाय सुजले, धाप लागायला लागली, अन्न नकोसं झालं. जीप करून तिला परभणीला नेलं. दिनकरराव आता साठी उलटलेले. त्यांनी तपासलं आणि सत्यशीलाला बाजूला घेऊन म्हणाले, "काळीज थकलंय. गोळ्या देतो. पण पंधरा दिवस, फार तर महिना."

सत्यशीलानं घरी येऊन आईची उशी नीट केली. तिच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. ही बाई गोड न खाता जाणार. माझ्यामुळं.

आणि चौदा जानेवारीला विद्यापीठाला नाव लागलं. पुरतं नव्हे, जुन्या नावात जोडून, म्हणून काहीजण कुरकुरले, पण सोळा वर्षं वाट बघितलेली माणसं ती, वस्तीत एकच जल्लोष झाला. त्यात त्याच दिवशी संक्रांत. बायका पेढे आणि तिळाचे लाडू घेऊन चांगुणाबाईच्या अंथरुणाभोवती जमल्या. तिचे डोळे भरून आले होते. कुणीतरी पेढा तिच्या ओठाला लावला. तिनं ओठ मिटून घेतले.

"आज तरी खा की, मावशे! जिच्यापायी घरं जळाली ती गोष्ट झाली आज."

"एक झालं," चांगुणाबाई धापा टाकत म्हणाली. "आता सुईचं व्हायचं हाय."

सत्यशीला उठून बाहेर आली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती परभणीला गेली. डॉक्टरांना म्हणाली, "मला एक खोटं पत्र लिहून द्या." आणि सगळं सांगितलं.

दिनकररावांनी लिहायचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "पाच वर्षं, पाच वर्षं म्हणत मी तिला आठदा फसवलं. नवव्यांदा फसवायला लाज कशाला वाटावी?" त्यांनी पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि ताकदीच्या लाल गोळ्यांची एक बाटली दिली.

चांगुणाबाई अडाणी असली तरी कच्च्या गुरूची चेली नव्हती. लेकीनं पत्र वाचून दाखवलं तरी ती म्हणाली, "सुमनला बोलीव." सुमनबाई आल्या. त्यांनी वाचलं, "सत्यशीलाबाईंना नवीन गोळी लागू पडली आहे. आजपासून सुई बंद." वाचताना त्यांचा आवाज फाटला. चांगुणाबाईला वाटलं आनंदानं फाटला. सत्यशीलानं तिळाचा लाडू तिच्या तोंडाजवळ नेला.

"थांब," चांगुणाबाई म्हणाली. "तुझा मर्ज गेलाय न्हवं? मग आधी तू खा."

हे मात्र सत्यशीलाच्या ध्यानात आलं नव्हतं. गूळ तिनं हजारदा चघळला होता, पण तो औषध म्हणून, घामानं थबथबलेल्या अवस्थेत, चवीचं भान नसताना. लाडू असा बसून, आईच्या डोळ्यांत बघत, नवव्या वर्षानंतर पहिल्यांदा. तिनं अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा चांगुणाबाईनं तोंडात घेतला. दात नव्हते, तो विरघळेपर्यंत ती डोळे मिटून बसली. मग पदराची गाठ सोडून आतला गुळाचा खडा तिनं सुमनबाईंच्या हातात दिला. "आता याचं काय काम?" म्हणाली.

पंधरा दिवसांचा तर सवाल, असं सत्यशीलानं मनाशी ठरवलं होतं. इन्शुलिन सुमनबाईंच्या फ्रिजमध्ये गेलं. सकाळी शाळेच्या वाटेवर एक सुई, सायंकाळी शिकवणीच्या निमित्तानं दुसरी. डोळ्यांनी सुईवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या, म्हणून औषध सुमनबाई भरून देत. घरी आईसमोर लाल गोळी.

आणि झालं भलतंच. चांगुणाबाई मेली नाही! गोळ्यांनी सूज उतरली का गोडानं अंगात जीव आला, कोण जाणे. फेब्रुवारीत ती उठून बसली. मार्चमध्ये चुलीपाशी गेली. घरात साखरेचा डबा आला. सदतीस वर्षांचं राहून गेलेलं सगळं तिला लेकीला खाऊ घालायचं होतं. आज शिरा, उद्या गुळाची पोळी, परवा पुरण. "खा गं. बारकी असताना बुंदीसाठी किती रडायचीस." समोर बसून खायला घालायची. दिलेला घास कसा टाळायचा? सत्यशीला खायची आणि मग सुमनबाईंकडं जाऊन जास्तीची सुई घ्यायची.

"सांगून टाक तिला," सुमनबाई चिडायच्या. "मरायचंय का?"

"पंधरा दिवसांचं म्हणून बोलले. आता तीन महिने झाले. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

खरं तर आणखी एक गोष्ट होती, ती तिनं सुमनबाईंनाही सांगितली नाही. आई अशी हसताना, चहा फुर्रकन पिताना बघून तिला स्वतःलाच कधीकधी वाटायचं, खरंच झालं असेल तर? कुठं असं होत नाही, हे तिला कळत होतं, शिकलेली बाई होती. तरी एप्रिलातल्या एका रविवारी तिनं सकाळची सुई घेतलीच नाही. बघू तर खरं. दुपारपर्यंत तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली. सुमनबाईंच्या न्हाणीत तिनं निळं औषध तापवलं. डोळ्यांना नीट दिसेना म्हणून सुमनबाईंना विचारलं, "कोणता रंग आला?"

"वीट," सुमनबाई म्हणाल्या.

सत्यशीला न्हाणीच्या दगडावरच बसली. पंचेचाळीस वर्षांची बाई, हुंदके देऊन रडली. पस्तीस वर्षं आशा नाही, आशा नाही म्हणत होती. होती की तिलाही. आईच्या आशेआड लपून बसली होती, ती त्या दिवशी बाहेर आली आणि जागच्या जागी मेली.

महिनाअखेर डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तो गेला. उजव्यानं माणसाची आकृती कळायची, चेहरा कळायचा नाही. आईला तिनं सांगितलं, मोतीबिंदू आहे.

मे महिन्यात सुट्ट्या लागल्या आणि सुमनबाई माहेरी येलदरीला गेल्या. जाताना घराची किल्ली देऊन गेल्या आणि आठ दिवसांच्या सुया भरून ठेवल्या. पण त्यांना यायला दोन दिवस उशीर झाला. नवव्या दिवशी बुद्ध पौर्णिमा. चांगुणाबाईनं वस्तीभरासाठी शेवयांची खीर करायला घेतली होती. सायंकाळी सत्यशीलानं सुमनबाईंच्या घरी बोटानं चाचपत, अंदाजानं स्वतःच सुई भरली. जास्त भरली गेली.

घरी आली आणि उंबऱ्यावरच टेकली. चांगुणाबाई पाठमोरी खीर ढवळत होती. "आलीस का? जरा वेलदोडा..." आणि तिचा हात थांबला. मागून येणारा श्वास तिच्या ओळखीचा होता. ती वळली. लेकीच्या कपाळाला हात लावला. थंडगार घाम. तिचा हात आपसूक पदराकडं गेला. गाठ नव्हती. मग तिनं साखरेचा डबा उपडा केला, ओल्या बोटांनी साखर घेऊन लेकीच्या गालात आतून चोळत राहिली, चोळत राहिली. "गिळ, शीले. गिळ, माझे माय."

थोड्या वेळानं सत्यशीलाला भान आलं. आईच्या मांडीवर डोकं होतं आणि पातेल्यातली खीर करपल्याचा वास येत होता.

"गोळीनं साखर अशी उतरत न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "सुईनंच उतरते. कवापासून घ्यायलीस?"

सत्यशीलाला खोटं बोलायचं त्राण राहिलं नव्हतं. "सुटलीच नव्हती, माय."

"आन् डोळं?"

सत्यशीलानं तोंड आईच्या मांडीत खुपसलं.

"माझ्या जिभेनं खाल्लं तुझं डोळं," चांगुणाबाई म्हणाली.

"तसं नसतं, माय. ते आधीपासूनच चालले होते. मीच खोटं बोलले, तू काय केलंस?"

"असंल. तू शिकलेली हायेस." चांगुणाबाईनं लेकीचं डोकं अलगद खाली ठेवलं आणि उठली. बायका वाट्या घेऊन आल्या होत्या. वरवरची न करपलेली खीर तिनं सगळ्यांना वाढली, पातेलं रिकामं होईपर्यंत. स्वतःला घेतली नाही. एकीनं आग्रह केला तेव्हा म्हणाली, "मला न्हाई चालत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलानं सवयीनं चहा ठेवला. डबा चाचपून चमचा भरला.

"माझ्यात टाकू नको," आई मागून म्हणाली.

सत्यशीलाचा हात हवेतच राहिला. "माय, तुझं वय काय आता? आणि खाल्लंसच की चार महिने. आता कुणाला काय..."

"ते खोट्यावर खाल्लं. ते धरायचं न्हाई." चांगुणाबाईनं फळीवरचा गूळ काढला, आवळ्याएवढा खडा फोडून पदरात ठेवला, दातच नव्हते म्हणून बोटांनीच गाठ आवळली. "डाक्टर काय म्हनतेत? आता किती वर्षं?"

सत्यशीलानं डॉक्टरांना विचारलेलं नव्हतं. तिनं स्टोव्ह बारीक केला. सांगावं का एकदाचं, की नाही, माय, माझ्या जन्मात तरी नाही?

"पाच," ती म्हणाली.

"बरं," चांगुणाबाई म्हणाली. "पाच तर पाच."

सत्यशीलानं बिनसाखरेचा चहा तिच्यापुढं सरकवला. चार महिन्यांनी तो कडू लागला असणार, तोंड वाकडं झालं असणार. सत्यशीलाला ते दिसलं नाही. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं हात पुढं करून तो उचलला. थेंबही उरला नव्हता.